ताणाची बांधणी : थरारदृश्यातील कॅमेरा, प्रकाश आणि ध्वनी

थरारपटाच्या चर्चेत धक्का आणि ताण हे दोन परिणाम अनेकदा एकाच मापाने मोजले जातात. वस्तुतः त्यांची घडण वेगळी असते आणि त्यांसाठी लागणारे तंत्रही वेगळे असते. धक्का क्षणापुरता असतो. कसलीही पूर्वसूचना नसताना पडद्यावर काही घडते आणि प्रेक्षक दचकतो. ताणाला मात्र अवधी लागतो. काहीतरी वाईट घडणार हे प्रेक्षकाला कळून चुकलेले असते, पण ते केव्हा घडेल आणि कोणावर कोसळेल हे कळलेले नसते, आणि या कळण्या-न कळण्याच्या दरम्यान त्याला थांबवून ठेवलेले असते. आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रसिद्ध मुलाखतीत हा भेद टेबलाखाली ठेवलेल्या बॉम्बच्या उदाहरणाने उलगडून दाखवला होता. बॉम्बची कल्पना नसताना तो फुटला तर प्रेक्षकाला काही सेकंदांचे आश्चर्य मिळते. तो ठेवलेला आधी दाखवला आणि टेबलाभोवतीची माणसे मात्र निश्चिंतपणे गप्पा मारत राहिली, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा असह्य होऊ लागतात.

या भेदावरून पुढचा विचार सुचतो. कॅमेरा, प्रकाश आणि ध्वनी ही तीन साधने वेगवेगळ्या कारागिरांच्या हातांत असली, तरी ताणाच्या दृश्यात त्यांचे मूळ काम एकच असते, आणि ते म्हणजे प्रेक्षकाला काय, किती आणि केव्हा कळू द्यायचे याचे नियमन करणे. भीतिदायक चेहरा, काळोख आणि कर्कश संगीत एकाच क्षणी एकच गोष्ट सांगू लागले, की प्रेक्षकाने शोधावे असे काही उरत नाही आणि दृश्य सैल पडते. या तिघांनी वेगवेगळी माहिती दिली, किंवा एकाने दिलेली माहिती दुसऱ्याने रोखून धरली, तर ताण वाढतो. हे सूत्र तपासून पाहण्यासाठी मराठी वाचकाला हॉलिवूडपासून सुरुवात करण्याची गरज नाही, कारण त्याचे अत्यंत बोलके दाखले कोल्हापूरच्या चित्रपटपरंपरेत सापडतात.

कोल्हापूरचा वारसा

आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे नात्याने भाऊ आणि नाटकांचे पडदे रंगवणारे नामांकित कलावंत होते. 1916 मध्ये आनंदरावांचे निधन झाल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले कॅमेऱ्याचे स्वप्न बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने पुरे केले आणि स्वदेशी बनावटीच्या त्या कॅमेऱ्याच्या बळावर कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनीचे काम उभे राहिले. कंपनीच्या 1920 सालच्या 'सैरंध्री' या पहिल्या चित्रपटात भीमाने केलेला कीचकाचा वध इतक्या थेटपणे दाखवलेला होता, की सेन्सॉरने त्या दृश्याला कात्री लावली. पडद्यावरचे चित्र प्रेक्षकाला किती हादरवू शकते याचा तो आरंभीचा अनुभव होता, परंतु वरच्या वर्गीकरणात तो परिणाम धक्क्याचा ठरतो, कारण जे भयंकर होते ते सगळे डोळ्यांपुढे मांडलेले होते.

याच बाबूरावांनी 1925 साली मूकपट म्हणून काढलेला 'सावकारी पाश' 1936 मध्ये पुन्हा बोलपट म्हणून केला. सावकाराच्या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची ही कथा थरारपटाच्या कप्प्यात बसत नाही, तरीही तिच्यातील एका दृश्याची आठवण निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांनी आवर्जून नोंदवून ठेवली आहे. त्या दृश्यात दुरून टिपलेली एक उदास झोपडी आहे, तिच्यावर अगदी मंद प्रकाश आहे आणि त्या शांततेत फक्त कुत्र्याचे रडणे ऐकू येते. या दृश्यात एकही हिंसक कृती नाही. कॅमेरा दूर असल्याने झोपडीच्या आत काय चालले आहे हे दिसत नाही. प्रकाश कमी असल्याने झोपडीच्या भोवती काय आहे हेही दिसत नाही. आणि रात्री कुत्रे रडले की कोणाच्या तरी घरी वाईट बातमी येते, ही गावोगावच्या माणसांच्या मनात मुरलेली समजूत तो आवाज आपसूक जागी करतो. चित्र माहिती रोखते आणि ध्वनी अशुभाची सूचना देतो, म्हणजे ताणाच्या बांधणीचे सगळे तत्त्व या एका शॉटमध्ये सामावलेले आहे. 'सैरंध्री'तील वध आणि 'सावकारी पाश'मधील झोपडी यांच्यामध्ये सोळा वर्षांचे अंतर आहे, आणि सर्व काही दाखवण्याकडून मोजके दाखवण्याकडे झालेला हा प्रवास एका कलावंताच्या कारकिर्दीत पाहायला मिळणे ही मोलाची गोष्ट आहे.

कॅमेरा : कोणाच्या डोळ्यांनी पाहायचे

कॅमेऱ्याचा पहिला निर्णय अंतराचा असतो. लाँग शॉट, म्हणजे माणूस आणि त्याचा सारा परिसर दुरून दाखवणारी चौकट, पात्राला एकाकी करते आणि धोका कोणत्या बाजूने येईल याची अनिश्चितता वाढवते. क्लोज-अप, म्हणजे चेहरा किंवा एखादी वस्तू भरून टाकणारी चौकट, उलट मार्गाने तोच परिणाम साधते, कारण चेहरा जितका जवळ येतो तितका त्याच्या पाठीमागचा परिसर चौकटीबाहेर जातो आणि त्या न दिसणाऱ्या जागेत काय असेल या शंकेने प्रेक्षक अस्वस्थ होतो. कोल्हापुरात 1929 साली स्थापन झालेली आणि 1933 मध्ये पुण्याला गेलेली प्रभात फिल्म कंपनी या दृष्टीने महत्त्वाची आहे. व्ही. शांताराम यांच्या 1934 सालच्या 'अमृतमंथन'च्या हिंदी आवृत्तीत राजगुरूची भूमिका करणाऱ्या चंद्रमोहन यांचा डोळा टेलिफोटो भिंगातून, म्हणजे दूरची वस्तू जवळ ओढून दाखवणाऱ्या लांब पल्ल्याच्या भिंगातून, पडदाभर टिपण्यात आला. नरबळीच्या प्रथेला चिकटून राहिलेल्या धर्मसत्तेची सारी जरब त्या एका डोळ्यात एकवटली, आणि संवादाने जे सांगायला काही वाक्ये लागली असती ते भिंगाच्या निवडीने साधले.

दुसरा निर्णय दृष्टिकोनाचा असतो. पात्राच्या नजरेतून घेतलेल्या शॉटला दृष्टिकोन-शॉट म्हणतात. त्यात प्रेक्षकाला पात्राइतकेच कळते. कॅमेरा पात्राच्या मागून, झाडाआडून किंवा खिडकीतून पाहू लागला, की कोणीतरी पाळत ठेवून आहे अशी जाणीव होते, मग तेथे प्रत्यक्षात कोणी नसले तरी. विशाल फुरिया यांच्या 2017 मध्ये प्रदर्शित झालेल्या 'लपाछपी'मध्ये हे तंत्र आपल्या ओळखीच्या भूभागावर वापरलेले दिसते. शहर सोडून पळालेले जोडपे उसाच्या फडांमध्ये दडलेल्या एका घरात आसरा घेते आणि त्या घरातून बाहेर पडण्याची प्रत्येक वाट उसातच हरवते. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात वाढलेल्या कोणालाही ठाऊक असते, की पुरुषभर वाढलेल्या फडात दोन सरींपलीकडचा माणूस दिसत नाही, पाल्याची सळसळ मात्र सगळ्या बाजूंनी येत राहते. या चित्रपटाने परक्या देशातल्या पडक्या किल्ल्याऐवजी हे ओळखीचे रान निवडले आणि गरोदर नायिकेच्या पाठोपाठ कॅमेरा त्या दाटीत नेला. त्यामुळे भर दिवसाही चौकट कोंडल्यासारखी वाटते.

तिसरा निर्णय हालचालीचा आणि कालावधीचा असतो. संकलनाने शॉट वारंवार तोडले की गती वाढते, परंतु ताण वाढतोच असे नाही; उलट, न तुटणारा दीर्घ शॉट प्रेक्षकाची सुटका नाकारतो. ऑर्सन वेल्स यांच्या 1958 सालच्या 'टच ऑफ इव्हिल'ची सुरुवात याचे अभ्यासले जाणारे उदाहरण आहे. मोटारीत बॉम्ब ठेवला जाताना दिसतो आणि त्यानंतर तीन मिनिटांहून अधिक काळ क्रेनवरचा कॅमेरा एकदाही न तुटता गर्दीतून त्या मोटारीच्या आसपास फिरत राहतो. त्याच वर्षीच्या हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'त कॅमेरा आणि झूम भिंग एकमेकांच्या उलट दिशांनी नेऊन जिन्याची खोली ताणल्याचा आभास निर्माण केला गेला. नायकाला वाटणारी उंचीची भीती त्या आभासाने प्रेक्षकाच्या शरीरात उतरवली. हातात धरलेल्या कॅमेऱ्याची थरथर हे सध्या भरपूर वापरले जाणारे साधन आहे, परंतु प्रत्येक दृश्यात थरथर असली तर ती कशाचीच खूण राहत नाही. स्थिर चौकटींच्या मालिकेनंतर आलेली थरथरच अर्थपूर्ण ठरते.

प्रकाश : दिसण्याची मर्यादा

चित्रपटातील प्रकाशयोजनेची मूळ मांडणी तीन दिव्यांची मानली जाते. विषयावर पडणारा प्रमुख दिवा, त्याने निर्माण केलेल्या सावल्या सौम्य करणारा भरणीचा दिवा आणि विषयाला पार्श्वभूमीपासून वेगळे काढणारा मागचा दिवा, असे त्यांचे काम असते. प्रमुख दिवा आणि भरणीचा दिवा यांच्या प्रमाणावर दृश्याची वृत्ती ठरते. भरणी भरपूर असेल तर सावल्या विरतात आणि दृश्य प्रसन्न दिसते, भरणी काढून घेतली तर चेहऱ्याचा अर्धा भाग काळोखात जातो. या दुसऱ्या पद्धतीला लो-की प्रकाशयोजना म्हणतात आणि थरारपटाचा तो जुना आधार आहे. तिचे सामर्थ्य काळोखात नसून काळोख आणि उजेड यांच्या सीमारेषेत असते. सगळीच चौकट काळी झाली तर शोधायला काही राहत नाही, परंतु दाराच्या फटीएवढा उजेड असला तर डोळा त्या फटीपाशी खिळतो.

कोल्हापूरच्या चित्रपटकारांना ही सीमारेषा चित्रकलेतून परिचित होती. सपाट कापडावर खोलीचा भास उभा करायचा तर छाया कोठे टाकायची याचे नेमके भान लागते, आणि नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या हातांत ते भान मुरलेले होते. बाबूराव पेंटर यांनी रंगवलेल्या सपाट पडद्यांऐवजी खोली असलेले नेपथ्य उभारण्यावर भर दिला आणि 1923 सालच्या 'सिंहगड'मध्ये कृत्रिम प्रकाशाचा वापर केला, जो भारतीय चित्रपटातील या प्रकारच्या अगदी आरंभीच्या प्रयोगांपैकी आहे. या कथेची गरजही तशीच होती, कारण तानाजीची मोहीम रात्रीची आहे. मावळे कडा चढत असताना वरच्या पहाऱ्याला चाहूल लागते की नाही, यावर तिचा सारा ताण उभा आहे. सूर्यप्रकाशावर विसंबून चित्रीकरण होत असे त्या काळात रात्र पडद्यावर आणणे म्हणजे किती दिसू द्यायचे याचा ताबा निसर्गाकडून कलावंताकडे येणे होते.

पुढच्या काळात याच ताब्याचे वेगवेगळे उपयोग झाले. वसंत जोगळेकर यांच्या 1976 सालच्या 'हा खेळ सावल्यांचा'मध्ये भुताची भीती आणि मनाचा आजार यांच्या सीमेवरची कथा सांगताना सावलीला शीर्षकापासूनच महत्त्व मिळाले. नायिकेला दिसते ते खरे की भासमान, हा प्रश्न जोवर सुटत नाही तोवर अर्धवट उजेड हाच त्या कथेचा न्याय्य उजेड ठरतो. राही अनिल बर्वे यांच्या 2018 सालच्या 'तुंबाड'मध्ये छायाचित्रणकार पंकज कुमार यांनी दृश्यात दिसणाऱ्या उगमाचा प्रकाश, म्हणजे कंदील, दिवा, मशाल किंवा पावसाळी आभाळातून झिरपणारा उजेड यांच्याशी इमान राखले. कंदील पात्राच्या हातात असतो तेव्हा प्रकाशाचा परीघ पात्राबरोबर चालतो. जेथे कंदील पोहोचत नाही तेथे प्रेक्षकही पोहोचत नाही, आणि कंदील विझण्याची शक्यता हाच एक स्वतंत्र धोका होतो. भाषेने हिंदी असलेला हा चित्रपट भूमीने आणि घराने मराठी आहे. कोकणातला अखंड पाऊस आणि वाड्यातल्या कोंदट खोल्या त्याच्या प्रकाशाचे स्वरूप ठरवतात.

येथे एक सावधगिरी नोंदवणे आवश्यक आहे. काळोख ही ताणाची पूर्वअट नाही. 'लपाछपी'तील उन्हातला ऊस आणि 'सैराट'च्या शेवटच्या प्रसंगातील दिवसाउजेडीची छोटी खोली हे दाखवून देतात, की प्रकाश निर्दोष आणि सर्वसाधारण ठेवणे हीदेखील माहिती लपवण्याची एक पद्धत आहे. उजेड सुरक्षिततेचे आश्वासन देतो आणि त्यामुळे धोका नजरेआड राहतो.

ध्वनी : न दिसणाऱ्याची हजेरी

डोळा समोरचेच पाहतो, कान मात्र सर्व बाजूंनी ऐकतो आणि तो मिटता येत नाही; म्हणून चौकटीबाहेरचा धोका चौकटीत आणण्याचे काम ध्वनीच सर्वांत सहजपणे करतो. ज्याचा उगम पडद्यावर दिसत नाही अशा आवाजाला चौकटबाह्य ध्वनी म्हणता येईल. फ्रिट्झ लँग यांच्या 1931 सालच्या 'एम'मध्ये बालकांचा खुनी एका ठरावीक धुनेची शीळ घालतो, त्याचा चेहरा दिसण्याआधी ती शीळ ऐकू येते आणि अखेरीस एक आंधळा फुगेवाला त्या शिळेवरूनच त्याला ओळखतो. बोलपट नुकता रुजत असताना ध्वनीला पुरावा, ओळख आणि धोका अशी तिहेरी भूमिका देणारे हे दृश्य आजही अनुकरणीय आहे.

मराठीत ध्वनीचा इतकाच जागरूक विचार प्रभातच्या 1937 सालच्या 'कुंकू'मध्ये आढळतो. जरठ-बाला विवाहाची ही कथा रहस्यपट नाही, परंतु एका घरातील दोन माणसांमधला न बोललेला संघर्ष तिने अत्यंत ताणलेल्या अवस्थेत धरून ठेवला आहे. व्ही. शांताराम यांनी तिच्यात रूढ पार्श्वसंगीताला रजा दिली आणि घरातले, रस्त्यावरचे स्वाभाविक आवाज वापरले; म्हाताऱ्या नवऱ्याचे, म्हणजे काकासाहेबांचे, भिंतीवरचे घड्याळ त्यात जवळजवळ एका पात्राइतके बोलते. संगीत नसल्यामुळे कोणत्या क्षणी काय वाटून घ्यावे हे प्रेक्षकाला कोणी सांगत नाही, आणि घड्याळाचे ठोके सरत चाललेल्या वयाचा हिशेब निर्विकारपणे मांडत राहतात.

संगीत वर्ज्य करणे हा एक मार्ग असला, तरी संगीताचा नेमका वापर हाही तितकाच प्रभावी असतो. हिचकॉक यांनी 1960 च्या 'सायको'मधील स्नानगृहाचे दृश्य आरंभी संगीताविना योजले होते. संगीतकार बर्नार्ड हर्मन यांनी तंतुवाद्यांचे चिरकणारे स्वर तेथे वापरून दाखवले आणि दिग्दर्शकाने मत बदलले. त्यानंतर तीनच वर्षांनी 'द बर्ड्स'मध्ये त्याच दिग्दर्शकाने रूढ संगीत पूर्णपणे टाळून पक्ष्यांच्या आवाजांची यंत्रनिर्मित योजना केली. या दोन्ही टोकांवरून निघणारा निष्कर्ष असा, की प्रश्न संगीत हवे की नको हा नसून त्या दृश्यात संगीत कोणती माहिती देते हा आहे. राजा परांजपे यांच्या 1964 सालच्या 'पाठलाग'मध्ये एकच गाणे ओळखीच्या धाग्यासारखे कथेत गुंफलेले आहे. पत्नीसारखीच दिसणारी स्त्री आरोपी म्हणून समोर उभी असताना तिला ओळखावे की नाकारावे या पेचात सापडलेल्या वकिलाच्या बाबतीत स्मृती आणि संशय या दोहोंना स्वर एकाच वेळी स्पर्श करतो. मराठी प्रेक्षकाच्या गाण्यावरच्या प्रेमाचा असा उपयोग पाश्चात्त्य थरारपटात क्वचितच सापडेल.

ध्वनीची आणखी एक पातळी सहसा दुर्लक्षित राहते. कोणत्याही बंद खोलीचा स्वतःचा एक नाद असतो. पंख्याची घरघर, नळाची टपटप, दूरच्या रहदारीची गुणगुण यांचा तो थर असतो आणि तो अचानक काढून घेतला की कान सावध होतो. पावले, कपड्यांची सळसळ, कडी सरकण्याचा आवाज हे सारे चित्रीकरणानंतर स्टुडिओत कृती करून मुद्रित करण्याच्या कलेला फोली म्हणतात. थरारदृश्यात या बारीक आवाजांना अवास्तव जवळ आणले, तर प्रेक्षकाचा श्वासही त्यांच्या लयीला बांधला जातो.

तिन्हींचा मेळ आणि विरोध

ही साधने वेगवेगळी तपासली तरी त्यांचे खरे मूल्य परस्परसंबंधात कळते. पुण्यात घडणाऱ्या, श्रीराम राघवन यांच्या 2018 सालच्या 'अंधाधुन'मधील एक प्रसंग या संदर्भात बारकाईने पाहण्यासारखा आहे. आंधळेपणाचे सोंग घेतलेला पियानोवादक एका घरात वाजवण्यासाठी येतो आणि तेथे पडलेले प्रेत त्याच्या दृष्टीस पडते; आपल्याला दिसते हे उघड करणे त्याला परवडणारे नसल्यामुळे तो वाजवत राहतो, आणि त्याच्यासमोर घरातली माणसे मुकाट खुणा करत पुरावे नाहीसे करू लागतात. घरातल्यांच्या समजुतीप्रमाणे खोलीत फक्त पियानो आहे, म्हणून ध्वनिपट्टीवर फक्त पियानो आहे. प्रेक्षकाला मात्र चित्रातून खून दिसतो. ध्वनी निरागस आणि चित्र अपराधी अशी ही विभागणी आहे, आणि वादकाच्या बोटांनी एक सूर चुकवला तरी जीव जाईल या जाणिवेने सुरेल संगीतच ताणाचे वाहन होते.

नागराज मंजुळे यांच्या 2016 सालच्या 'सैराट'चा शेवट याहून कठोर आहे. नायिका आर्ची हिचा भाऊ आणि नातलग भेटवस्तू घेऊन तिच्या हैदराबादच्या घरी येतात, चहा होतो, अवघडलेले दोन शब्द बोलले जातात. कॅमेरा शांत आहे, प्रकाश रोजचा आहे आणि संशयाला पुष्टी देणारे कोणतेही संगीत नाही. प्रेक्षक मात्र तोवरच्या कथेतून या माणसांना ओळखून असल्यामुळे तो चहा त्याला निवांतपणे पाहवत नाही; टेबलाखालच्या बॉम्बचे तत्त्व येथे कपबश्यांच्या साक्षीने लागू होते. प्रत्यक्ष हत्या दाखवली जात नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले मूल परत येते, आत जे पडले आहे ते पाहते आणि रक्ताने माखलेल्या पावलांचे ठसे उमटवत रडत बाहेर पडते, आणि या सर्व वेळात ध्वनिपट्टी पूर्ण निःशब्द असते. मुलाचे रडणे दिसते पण ऐकू येत नाही, म्हणून ते ऐकण्याची जबाबदारी प्रेक्षकावर येते. ज्या चित्रपटाच्या संगीताने सारा महाराष्ट्र नाचला, त्याच चित्रपटाने शेवटी आवाज काढून घ्यावा, हा निर्णय ध्वनियोजनेच्या इतिहासात नोंदला जाण्याजोगा आहे.

आजचे प्रश्न

तंत्र स्वस्त झाल्याने ताणाची बांधणी सोपी झाली असे मानणे घाईचे ठरेल. संवेदनशील डिजिटल कॅमेरा एका मेणबत्तीच्या उजेडातही चित्र टिपतो, त्यामुळे कमी प्रकाशात चित्रीकरण करता येते, पण छाया कोठे टाकायची याचा विचार टळण्याचा धोकाही वाढतो. दुसरा प्रश्न पाहण्याच्या परिस्थितीचा आहे. मोबाइलच्या पडद्यावर, उजेडाच्या खोलीत, काळ्या छटांमधले सूक्ष्म भेद नाहीसे होतात आणि त्याच्या छोट्या स्पीकरमधून खालच्या पट्टीतले गंभीर आवाज जवळजवळ उमटतच नाहीत. परिणामी ज्या दृश्याचा ताण गडद छाया आणि खर्जातला नाद यांवर उभा आहे ते दृश्य तेथे अर्धेच पोहोचते. तिसरा प्रश्न सवयीचा आहे. दूरचित्रवाणी मालिकांत प्रत्येक नजरेला ठोका आणि प्रत्येक वाक्याला झंकार देण्याची रीत रुळल्यामुळे प्रेक्षकाचा कान बधिर होतो, आणि संगीताविना थांबण्याचे धैर्य निर्मात्यांकडे उरत नाही.

या तिन्ही प्रश्नांवरचे उत्तर महागड्या यंत्रात नाही, ते पटकथेच्या टप्प्यावरच छायाचित्रणकार आणि ध्वनिरचनाकार यांना एकत्र बसवण्यात आहे. दृश्य लिहितानाच त्यात कोणाला काय ठाऊक आहे, प्रेक्षकाला ते कोणत्या मार्गाने कळणार आहे आणि कोणती गोष्ट शेवटपर्यंत रोखायची आहे, हे ठरले तर छोट्या खर्चाचा मराठी चित्रपटही उत्तम ताण उभा करू शकतो, हे उसाच्या फडाने आणि चहाच्या कपांनी सिद्ध केले आहे. कोल्हापूर चित्रनगरीसारखी सोय ज्या शहरात आहे, तेथे नव्या पिढीला कॅमेरा चालवण्याइतकेच छाया योजण्याचे आणि आवाज निवडण्याचे शिक्षण मिळाले पाहिजे. बाबूराव पेंटर यांचे नाव अभिमानाने घेणाऱ्या शहराकडून ही अपेक्षा रास्त आहे, कारण त्यांनी घडवलेला कॅमेरा केवळ चित्रे हलती झाली म्हणून नव्हे, तर काय दाखवायचे आणि काय झाकायचे याचा निर्णय कलावंताच्या हाती आला म्हणूनही मोलाचा ठरला.